सोसायटीच्या स्विमिंग पूलचा पंप रोज किती तास? गोळ्या टाकूनही पाणी हिरवं होतंय

भायलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात वासणा-भायली रस्त्यावर आमच्या सोसायटीत १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल असा पूल आहे. यंदा त्याची देखरेख माझ्याकडे आली. मार्चमध्ये पूल भरला तेव्हा काठावर उभं राहून तळाच्या टाइल्स मोजता यायच्या. मे लागला आणि पाणी दुधी हिरवट झालं. शिडीची तिसरी पायरी दिसते, चौथी दिसत नाही.

पंप दीड एचपीचा, फिल्टर वाळूचा. पूलवाला भाई रोज २०० ग्रॅमच्या ट्रायक्लोर या क्लोरीनच्या दीड गोळ्या टाकतो. किटमध्ये पिवळा रंग येतो, म्हणजे क्लोरीन ३ च्या आसपास. पीएच ७.४. कागदावर सगळं ठीक, आणि पाणी असं!

देखभालीचा ठेकेदार म्हणतो पंप २४ तास चालवा. आमचे प्रमुख म्हणतात लाइट बिल बघा, चार तासांच्या वर एक मिनिट नाही. सुट्ट्या लागल्यात, पोरं रोज संध्याकाळी टॉवेल घेऊन दारात उभी राहतात आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं. पंप नेमका किती तास चालवायचा, आणि त्याचा हिशोब काय?

मांजलपूरकर

आमचा सहा तास चालतो. अजून हिरवं पाणी बघितलेलं नाही. मोरचूद टाकून बघा, दोन दिवसांत फरक पडतो.

लालबागचा_पोहणारा

मी चाळीस वर्षं पोहतोय, लालबागच्या तरणतलावातच शिकलो. सार्वजनिक तलावाचा पंप दिवसभर थांबत नाही आणि तो थांबूही नये. माझ्या भाच्याचं हॉटेल आहे, तिथला साधा नियम सांगतो: पाण्याचं तापमान जितकं, त्याच्या निम्मे तास पंप. मेमध्ये आपल्याकडे पूलचं पाणी ३२ अंशांवर सहज जातं, म्हणजे १६ तास. चार तासांत काय होणार भायलीकर? पाणी धड फिरतसुद्धा नाही.

रावपुऱ्यातली_माई

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या नातवंडांच्या सोसायटीत पाणी स्वच्छ दिसतं, पण पोरं बाहेर आली की डोळे लालबुंद, आणि वास तर फाटकापर्यंत येतो. इतका क्लोरीन टाकायचाच कशाला? कमी टाका म्हणजे सगळ्यांचं भलं.

नंदेसरी_केमिकल

आधी भायलीकरांचा हिशोब, मग माईंचा प्रश्न.

तुमचा पूल १० × ६ × १.४, म्हणजे ८४ घनमीटर. ८४ हजार लिटर. पंप तासाला किती पाणी ढकलतो हे पाटीवर बघू नका. पाटीवरचा आकडा मोकळ्या पाइपाचा असतो. वाळू, वळणं, व्हॉल्व्ह यातून जाताना तो बराच खाली येतो. घरच्या घरी मोजता येतं. बॅकवॉश करताना, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टरची वाळू धुताना, काठाच्या टाइलवर पेन्सिलने खूण करा, बरोबर तीन मिनिटं बॅकवॉश चालवा आणि पातळी किती उतरली ते पट्टीने मोजा. तुमच्या पूलचा पृष्ठभाग ६० चौरस मीटर. एक सेंटीमीटर उतरलं म्हणजे ६०० लिटर गेलं.

आता फेऱ्या. सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जायला लागणारा वेळ म्हणजे एक फेरी. पण एका फेरीत सगळं पाणी गाळलं जात नाही. गाळलेलं पाणी परत त्याच गढूळ पाण्यात मिसळतं, त्यामुळे पहिल्या फेरीत साधारण ६३ टक्के पाणी फिल्टर बघतं, दुसऱ्या फेरीअखेर ८६ टक्के, तिसऱ्याअखेर ९५ टक्के. म्हणून सोसायटीच्या पूलला उन्हाळ्यात रोज दोन फेऱ्या धराव्यात. रविवारी चाळीस पोरं उतरली तर तीन. थंडीत एक ते दीड पुरे.

काका, तुमचा निम्म्या तापमानाचा नियम चुकीचा नाही. पाणी तापतं तसं शेवाळ झपाट्यानं वाढतं, हे त्यात धरलेलं आहे. फक्त त्या नियमाला पूल किती मोठा आणि पंप किती ताकदीचा हे कळत नाही. सार्वजनिक तलावात माणसांचा लोंढा असतो, तिथे सतत चालवणं बरोबरच.

माई, तो तीव्र वास निव्वळ क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीतले नायट्रोजनचे पदार्थ क्लोरीनशी जुळले की क्लोरामाइन तयार होतात. डोळे झोंबतात ते बहुतेक त्यांच्यामुळे. म्हणजे तिथे मोकळा क्लोरीन कमी पडतोय. कमी टाकला तर वास वाढेल. उपाय दोन: रात्री क्लोरीनचा मोठा डोस देऊन ते क्लोरामाइन मोडायचे, आणि पोरांना उतरण्याआधी साध्या पाण्यानं खरोखर आंघोळ घालायची. पाय भिजवून पळतात ती आंघोळ नव्हे.

रावपुऱ्यातली_माई

हे मला कोणी आजवर सांगितलं नव्हतं! मुलाला वाचून दाखवते.

आणि मांजलपूरकर, त्या मोरचूदाबद्दल मी बोलणारच. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी शेवाळ आलं म्हणून वाटीभर मोरचूद टाकलं. मी रोज सकाळी पाण्यात चालते, गुडघ्यांसाठी. आठवड्याभरात माझे पांढरे केस हिरवट दिसायला लागले. धुतले, शिकेकाई लावली, जाईना. धाकट्या नातीनं विचारलं, ‘आजी, तू पोपट झालीस?’ घरभर हसले सगळे, मीही हसले. पण मोरचूद बंद करायला लावलं ते लावलंच.

मांजलपूरकर

माई, नात हुशार आहे! हे मोरचूदातल्या तांब्यामुळे होतं हे माहीत नव्हतं. सूचना मागे घेतो.

समा_फिल्टरवाला

मी पूलच्या देखभालीचंच काम करतो, म्हणून थोडं फिल्टरवर. भायलीकर, फिल्टरच्या डोक्यावर प्रेशरचं घड्याळ आहे ना? आत्ता काटा कुठे आहे आणि बॅकवॉशनंतर कुठे येतो? स्वच्छ वाळूवर जो आकडा असतो त्याच्या ८-१० पीएसआय वर काटा गेला की बॅकवॉश. रोज करू नका. थोडी मळलेली वाळू जास्त बारीक गाळते. पण महिनाभर विसरूही नका.

मल्टीपोर्टचा, म्हणजे फिल्टरवरच्या पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा, दांडा फिरवण्याआधी पंप बंद. दर वेळी. चालू पंपावर दांडा फिरवला की आतलं गॅस्केट फाटतं, मग बॅकवॉशच्या नळीतून दिवसरात्र थेंबथेंब पाणी जात राहतं आणि पातळी का उतरते ते कळत नाही. बॅकवॉश झाल्यावर अर्धा मिनिट रिन्स, नाहीतर पहिली घाण परत पूलमध्ये.

आपल्याकडच्या दोन गोष्टी. एक, खोबरेल तेल. डोक्याला चोपडून पोरं उतरतात आणि ते तेल वाळूत बसतं. मी एका फिल्टरचं झाकण उघडलं तर आत लाडवाएवढे वाळूचे गोळे. पाणी गोळ्यांच्या बाजूनं निसटायचं, गाळलं जायचंच नाही. दुसरी, उत्तरायण. पतंग पूलमध्ये पडतात, मांजा स्किमरच्या (वरचं पाणी ओढणाऱ्या तोंडाच्या) जाळीतून आत ओढला जातो आणि पंपाच्या इंपेलरला, म्हणजे आतल्या फिरत्या पंख्याला, गुंडाळतो. फेब्रुवारीत ‘पंप आवाज करतो, पाणी कमी देतो’ असे फोन यायला लागतात. उघडलं की आत गुलाबी दोऱ्याची घट्ट रीळ. १६ जानेवारीला पंपाची टोपली हातानं तपासा.

भायलीकर

समाभाई, काटा २२ वर होता. बॅकवॉशला आधी काळपट, मग चहासारखं, मग स्वच्छ पाणी काचेत दिसलं. आता काटा १२ वर आहे.

नंदेसरी, तुमची मोजणीही केली. तीन मिनिटांत दीड सेंटीमीटर. म्हणजे ९०० लिटर, तासाला १८ हजार. ८४ भागिले १८, एका फेरीला चार तास चाळीस मिनिटं. आम्ही चार तास चालवत होतो. दिवसाला एक फेरीसुद्धा पुरी होत नव्हती!

प्रमुखांना बिलाचा हिशोबही दिला. मोटर साधारण १.४ किलोवॅट खेचते. दोन फेऱ्या म्हणजे सव्वानऊ तास, १३ युनिट. २४ तास म्हणजे ३३ च्या वर. युनिट ८ रुपये धरला तर फरक महिन्याला पाच हजारांच्या घरात. सव्वानऊ तासांना ते कबूल झाले.

चार दिवस तसं चालवतोय. पाणी जरा उजळलं, पण हिरवेपणा आहेच.

नंदेसरी_केमिकल

मला शंका होतीच. पंप सुधारला, आता गोळ्यांकडे वळू.

ट्रायक्लोरच्या गोळीत क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड असतं. तेच ते स्टॅबिलायझर. ते उन्हापासून क्लोरीनला जपतं. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात स्टॅबिलायझर नसेल तर तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरीन उडून जातो. म्हणून ३० ते ५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ३० ते ५० भाग, हवंच. अडचण अशी की क्लोरीन खर्च होतो, स्टॅबिलायझर होत नाही. पाणी वाफ होऊन गेलं तरी ते मागेच राहतं. बॅकवॉशमध्ये आणि पोरांच्या अंगावरून जे जाईल तेवढंच जातं.

तुमची दीड गोळी ८४ घनमीटरला रोज ३ पीपीएमहून थोडा जास्त क्लोरीन देते, आणि जवळजवळ २ पीपीएम स्टॅबिलायझर. महिन्याला पन्नासच्या वर. मार्चपासून मोजा.

स्टॅबिलायझर फार झालं की ते क्लोरीनला धरून ठेवतं. किटमध्ये क्लोरीन दिसतो, पण शेवाळ मारायला मोकळा राहतो तो अगदी थोडा. ढोबळ हिशोब: मोकळा क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्क्यांखाली जाता कामा नये. शिवाय पिवळे थेंब एकूण क्लोरीन दाखवतात, त्यात क्लोरामाइनही आले. गुलाबी रंग येणारं डीपीडी किट घ्या आणि सायन्युरिक ॲसिडची चाचणी करा. तोवर एकही गोळी टाकू नका.

लालबागचा_पोहणारा

आमच्या वेळी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून वरचं नितळ पाणी ओतायचे. हे स्टॅबिलायझर प्रकरण नव्हतंच.

नंदेसरी_केमिकल

म्हणूनच तेव्हा ही अडचणही नव्हती, काका. रोज टाकायचे, रोज उन्हानं उडायचा.

भायलीकर

चाचणी केली. सगळ्यांनी बघावी अशी गोष्ट आहे. एका उंच नळीच्या तळाला काळा ठिपका असतो. पूलचं पाणी आणि औषध बाटलीत मिसळलं की ते दुधासारखं होतं. मग ते नळीत हळूहळू ओतायचं आणि वरून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं, बाजूचा आकडा वाचायचा.

नळीवर आकडे खालून वर कमी होत जातात. सगळ्यात मोठा आकडा १०० तळाकडे, आणि माझा ठिपका त्या रेषेच्याही कितीतरी आधी गेला. मग अर्धं पूलचं, अर्धं साधं पाणी घेऊन पुन्हा केली. ८० आलं. दुप्पट करायचं, म्हणजे १६०.

१६० चे साडेसात टक्के १२. आमच्याकडे ३. पूलवाला भाई शेजारी उभा होता. तो म्हणाला, ‘साहेब, मला वाटलं गोळी कमी पडते, म्हणून मी वाढवायला सांगणार होतो.’ त्याचा काही दोष नाही. त्याला ही नळी कुणी दाखवलीच नव्हती, आणि मलाही.

समा_फिल्टरवाला

स्टॅबिलायझर काढायला बाजारात मिळणाऱ्या औषधांवर पैसे घालवू नका. पाणी बदला. ७० टक्के काढलंत तर १६० चे ४८ होतील.

रावपुऱ्यातली_माई

भर मेमध्ये साठ हजार लिटर पाणी गटारात? शहराच्या किती भागांत या दिवसांत टँकर फिरतात ते बघा. पूल बंद ठेवा एक महिना, पावसानं आपोआप पातळ होईल.

मांजलपूरकर

माईंशी सहमत. पोहणं महत्त्वाचं की पिणं?

भायलीकर

माई, हे मलाही टोचतंय. पण महिनाभर हिरवं पाणी तसंच ठेवलं तर त्यात डास होतील, आणि चार वर्षांचं एखादं पोर पडलं तर तळाशी दिसणारही नाही. याची मला सगळ्यात जास्त भीती आहे. गटारात मात्र एक बादलीही जाऊ देणार नाही. गोळ्या बंद आहेत, क्लोरीन शून्यावर आला की ते पाणी पार्किंग धुवायला, रस्त्यावर शिंपडायला आणि कडेच्या कडुलिंबांना देऊ. चार दिवस, टप्प्याटप्प्यानं.

रावपुऱ्यातली_माई

मग हरकत नाही. तळ न दिसणाऱ्या पूलमध्ये कोणालाच उतरू देऊ नका, हे मात्र पाटी लावून लिहा.

समा_सावली_रहिवासी

पूल रिकामा करणाऱ्या सगळ्यांसाठी एक अनुभव. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी आमच्या आवारात शिरलं. वस्त्यांमध्ये मगरी फिरत होत्या, ते दिवस सगळ्यांना आठवत असतील. पाणी ओसरल्यावर पूलमध्ये गुडघाभर चिखल होता. आम्ही लगेच पंप लावून तो रिकामा करायला निघालो. समोरच्या इमारतीतल्या एका सिव्हिल इंजिनिअर ताईंनी धावत येऊन थांबवलं.

त्या म्हणाल्या, जमीन पाण्यानं तुडुंब आहे. पूलमधलं पाणी वजनानं तळाला दाबून धरतंय. ते काढलंत तर खालचं पाणी रिकाम्या टाकीला होडीसारखं वर उचलेल, तळ फुटेल. आम्ही भरलेल्या पूलमधूनच चिखल थोडा थोडा ओढून काढला आणि बोअरची पातळी खाली गेल्यावर, कितीतरी आठवड्यांनी, पूल रिकामा केला. भायलीकर, मेमध्ये भूजल खाली असतं, तुम्ही योग्य वेळी करताय. पावसाळ्यात कधीही करू नका.

नंदेसरी_केमिकल

फार मोलाची माहिती. यापुढे गोळ्यांऐवजी द्रव हायपोक्लोराइट (हायपो) वापरा, त्यात स्टॅबिलायझर नसतं. १० टक्क्यांचं एक लिटर तुमच्या पूलला साधारण १.२ पीपीएम देतं. सूर्य मावळल्यावर, पंप चालू असताना, पाण्यात कोणी नसताना ओता. हायपोचा कारबा (कॅन) सावलीत ठेवा, उन्हात त्याची ताकद झपाट्यानं उतरते. जास्त साठवू नका.

आता मी हात जोडून सांगतो ते. हायपो आणि ॲसिड एका खोलीत शेजारी नको. एकच मग दोन्हींना नको. एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. उरलेल्या ट्रायक्लोर गोळ्यांच्या डब्यात ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपो पडू देऊ नका, आग लागू शकते, स्फोटही होतो. ॲसिड पातळ करताना बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलट कधीच नाही. मी एका पूलच्या पंपरूममध्ये बघितलंय, ओल्या मगानं गोळ्यांचा चुरा उचलला, तोच मग दुसऱ्या पावडरीच्या पिंपात घातला. पिवळसर धूर आला आणि तो मुलगा खोकत बाहेर पळाला. दार उघडं होतं म्हणून वाचला.

गोत्रीची_आई

तळाच्या जाळीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. पंप चालू असताना तळाच्या निचऱ्याचं झाकण तुटलेलं किंवा सैल असेल तर लांब केस, हात आत ओढला जातो आणि माणसाला सुटता येत नाही. पूल रिकामा होतोय तर स्क्रू हलवून बघा. पंपाचं बटण कुठे आहे हे काठावरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत पाहिजे.

भायलीकर

गोत्रीच्या ताई, तुमचे उपकार. पाणी उतरल्यावर बघितलं, चारपैकी दोन स्क्रू गंजून गेले होते. नवं झाकण बसवलं.

बारा दिवसांनी कळवतोय. ७० टक्के पाणी बदललं, बोअरचं रात्री रात्री भरलं. ठिपका आता ५० च्या जवळ जातो. मग शेवाळ मारायला सतरा लिटर हायपो एका रात्रीत, क्लोरीन २० वर. तीन दिवस पूल बंद, पंप चोवीस तास, भिंती रोज ब्रशनं घासल्या, काटा चढला की बॅकवॉश. म्हणजे ठेकेदाराचे २४ तास या तीन दिवसांपुरते बरोबर होते. चौथ्या रात्री मोजला आणि पहाटे पुन्हा मोजला, क्लोरीन एकानेही उतरला नव्हता. शेवाळ संपलं.

आता पंप सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते सव्वानऊ. रोज संध्याकाळी साधारण तीन लिटर हायपो, क्लोरीन ४ च्या खाली उतरू देत नाही. हायपोनं पीएच वर सरकतो, ७.८ झाला की पाऊण लिटर ॲसिड लागतं. आधी निम्मं घालतो, चार तासांनी मोजून उरलेलं. पूलवाला भाई स्वतः मोजून वहीत लिहितो. काल त्यानेच मला सांगितलं, ‘आज रविवार, पोरं जास्त होती, एक तास वाढवतो.’

लालबागचा_पोहणारा

तळ दिसतो?

भायलीकर

टाइल्स मोजता येतात, काका.

मांजलपूरकर

आमच्याकडेही गोळ्याच आहेत, आणि ठिपक्याची नळी कुणाकडेच नाही. शनिवारी सकाळी येऊन घेऊन जाऊ का? संध्याकाळपर्यंत परत आणून देतो.

भायलीकर

या. सहाला पंप चालू करायला मी खालीच असतो. येताना तुमच्या पूलचं पाणी बाटलीत घेऊन या. कोपरभर खोलीवरून भरा, वरवरचं नको. इथेच बघू.